जिन्याखालचं टेबल

गणवेश शिवणाऱ्या त्या बाईनं गावातल्या दोन शाळांची पोरं दहा वर्षं सजवली होती. पण मुख्याध्यापिकेच्या खोलीत ती पहिल्यांदा बसली ती सात वर्षांच्या लेकीला, बबडीला घेऊन. बबडी स्वमग्न. बोलायची मोजकंच. गलका झाला की कान दाबून खाली बसायची. कॉलरचं लेबल टोचलं तर फ्रॉक ओरबाडून काढायची.

पहिल्या शाळेनं अर्जच घेतला नाही. दुसऱ्या शाळेतल्या मोठ्या बाई मात्र गोड बोलल्या, "आमच्याकडे सगळी मुलं सारखीच. निर्धास्त राहा." नवरा औषधांच्या दुकानात कामाला. त्यानं येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं, पोरगी शाळेत जाते म्हणून.

बबडी मात्र घरी आली की पलंगाखाली शिरायची. "रुळेल हो हळूहळू," सासूबाई म्हणायच्या.

तीन आठवड्यांनी बाई गणवेशांचा गठ्ठा पोचवायला भरदुपारी शाळेत गेली. जिन्याखाली एक टेबल, टेबलाशी एकटी बबडी, पुढ्यात मणी नि दोरा. वर वर्गात पाढे चालले होते.

"ही इथे कशी?"

"रोज इथेच असते की," शिपाईणबाई म्हणाल्या. "काही त्रास नाही हो हिचा."

बाईनं गठ्ठा तिथेच टाकला, दप्तर उचललं नि लेकीला घेऊन चालू लागली.

घरी नवरा भडकला. "आता काय, त्या वेगळ्या मुलांच्या शाळेत घालणार? जन्माचा शिक्का बसेल!"

"आणि जिन्याखाली बसवलं, ते काय होतं?"

तो चपला घालून दुकानाकडे निघून गेला. पटलं नव्हतंच त्याला.

ती वेगळी शाळा दोन बस बदलून जावं इतकी लांब. आठ मुलं, तीन शिक्षिका. हातावर ताजे ओरखडे असलेल्या एकीनं विचारलं, "घाबरली की कुठे लपते ही?" इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. बाईला रडू आवरेना.

"बोलायला लागेल ना हो?"

"ते नाही सांगता येणार, ताई. खोटी आशा कशाला लावू? आणि बाराव्या वर्षानंतर आमच्याकडे वर्ग नाहीत, हेही आधीच सांगते."

आठवडाभर बाईचा जीव टांगणीला. शेवटी तिनं नाव घातलं. जाण्यायेण्यात दिवस जातो म्हणून निम्मं शिवणकाम जावेकडे गेलं. एकदा बसमध्ये बबडी अशी किंचाळली की लोकांनी दोघींना मधल्याच थांब्यावर उतरवलं. पुढचा रस्ता त्या पायी गेल्या. वर्गात मात्र ती आता पंधरा-वीस मिनिटं सगळ्यांत बसते.

परवा पालकांना बोलावलं होतं. नवरा फाटकापर्यंत आला. "तू जा आत, मी इथेच थांबतो," म्हणाला. बाईनं आग्रह केला नाही. लेकीचा हात धरला नि ती आत गेली.