चंपा मरते ती जागा

आमच्या ऑफिसात काम कधी वेळेवर होत नाही, किस्से मात्र वेळेआधीच तयार असतात. एक सांगायला घेतला की दुसरा मागून ढकलतो. परवा मित्रांनी विचारलं, तुमच्या त्या गेमचं काय झालं? उत्तर एका वाक्यात देता आलं असतं, पण मग त्यात शामरावकाका आले नसते. म्हणून जरा ऐसपैस सांगतो.

सक्करदऱ्यात एका फरसाणच्या दुकानावर आमच्या दोन खोल्या आहेत. माणसं तीन. भूषण सर मालक, रेणू ॲनिमेटर आणि मी टेस्टर. गेम असा की चंपा नावाची मुलगी एका जुन्या किल्ल्यात शिरते. वाटेत फिरती पाती, भिंतीतून सुटणारे बाण, पायाखालून सरकणारी फरशी. पळाली की मेली. ढोलकीच्या ठेक्यावर नाचत गेली तरच वाचते. खेळणाऱ्याने ठेका ऐकून बटण दाबायचं, की चंपाचं पाऊल पडतं. चुकीच्या वेळी दाबलं की खेळ खलास.

हे सगळं नीट चालतं का, ते बघणं माझं काम. थोडक्यात, सकाळी दहा ते सहा मरणं.

मागे मला लकडगंजचं एक स्थळ आलं होतं. आईने आधीच सांगून ठेवलं होतं की मुलगा कंप्युटरमध्ये आहे. मुलीच्या वडिलांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि विचारलं, कंप्युटरमध्ये म्हणजे नेमकं काय करता? माझा स्वभाव प्रामाणिक. सांगितलं, "मरतो. दिवसातून दोनेकशे वेळा."

ते गृहस्थ जरा विचारात पडले. मग म्हणाले, "रविवारी पण?"

"नाही जी, रविवारी सुट्टी."

त्यांचा फोन अजून यायचा आहे.

*

चंपाला नाचवायचं कसं, हा मोठाच प्रश्न होता. नाचणाऱ्याच्या अंगाला पट्ट्या बांधतात, पट्ट्यांत सेन्सर असतात. माणूस हलला की पडद्यावरची चंपा तशीच हलते. नाचणारं कोणी मिळेना, तेव्हा भूषण सरांनी स्वतःच पट्ट्या बांधून घेतल्या.

सर वरातीत बरे नाचतात. पडद्यावर चंपा एका जागी उभी राहून दोन बोटं वर करून खांदे उडवू लागली. पुढे सरकेचना. पाती बिचारी रिकामीच फिरत राहिली.

रेणू बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "सर, हिले मारायची काही गरज नाही. हिले घरी सोडून या."

दुसऱ्या दिवशी तिनेच शामरावकाकांना आणलं.

*

शामरावकाका रेणूच्या आईच्या गावचे, कळमेश्वरकडचे. कारखान्यातून रिटायर झालेले, वय सदुसष्ट, अंगाने काडीसारखे. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, भरदुपारी खडी गंमत होते. उभ्याने नाचगाणं, ढोलकी, झांज, आणि बाईचं काम करायला पुरुषच. काकांनी तीस वर्षं लुगडं नेसून गवळण नाचली होती.

सरांनी त्यांना सगळा किल्ला समजावून सांगितला. इथे पातं, इथे बाण, इथे जमीन फाटते. काकांनी शांतपणे चहा संपवला.

"मंडईतही असंच रायते," म्हणाले.

मग त्यांनी बैलाची गोष्ट सांगितली. एका गावी ऐन गवळणीत बैल उधळून थेट रिंगणात घुसला. ढोलकीवाला पळाला, झांजवाला पळाला. काका पळाले असते तर लुगड्यात पाय अडकून तिथेच पडले असते. म्हणून ते नाचत नाचतच बाजूला झाले. बैल पुन्हा वळला, काका पुन्हा गिरकी घेऊन बाजूला. लोकांना वाटलं, बैल कार्यक्रमातलाच आहे. टाळ्याच टाळ्या.

पुढच्या गावचे लोक बोलवायला आले तेव्हा त्यांचा एकच प्रश्न होता, "बैल तुमी आणता का आमी बांधून ठेवाचा?"

भूषण सरांनी तिथल्या तिथे काकांना कामावर घेतलं.

*

काकांच्या दोन अटी होत्या. पहिली, लुगड्याशिवाय पाऊल उचलणार नाही. मग पट्ट्यांवरून लुगडं. फरसाणवाले शेठ भाडं मागायला वर आले, ते हा नाच बघून भाडं न मागताच खाली गेले.

दुसरी अट, आधी भुईला नमस्कार. मगच ढोलकी. सर म्हणाले, काका, नमस्काराचं रेकॉर्डिंग आपल्याला नको आहे. काका म्हणाले, तुमाले नसन पाह्यजे, मले पाह्यजे.

हा नमस्कार नंतर कापायचा असं ठरलं आणि रेणू तो कापायला विसरली. मी गेम सुरू केला. पहिलंच पातं मानेच्या उंचीवरून सुसाट येतं, तिथे चंपाने आपलं आपण वाकून जमिनीला हात लावला. पातं वरून निघून गेलं.

सर धावत आले. ही आयडिया कोणाची? आम्ही दोघांनीही काकांकडे बघितलं. काका निऱ्या सारख्या करत होते.

"म्हणून तं करतो नं," ते म्हणाले.

तो नमस्कार गेममध्ये तसाच आहे.

*

आता सातवं पातं. चंपा मरते ती जागा हीच.

गवळणीत एका ठिकाणी काका थांबायचे. ढोलकी चालूच, पण पाय थांबलेला. तेवढ्यात हात वर जाऊन खांद्यावरचा पदर सावरायचा, मग पुढचं पाऊल. हे थांबणं ना एका ठोक्याचं ना दोन. काकांचं स्वतःचंच काहीतरी माप होतं. रेकॉर्डिंगमध्ये ते आलं, गेममध्येही आलं. खेळणाऱ्याचं बोट सवयीने ठेक्यावर पडतं आणि पातं चंपाचे दोन तुकडे करतं. ते माप हातात बसायला मला अकरा दिवस लागले, आणि माझा तर तो धंदा आहे.

सर म्हणाले, हे काढून टाकू, लोक वैतागतील.

"काढलं तं पदर पडते, सर."

"काका, चंपाला पदर नाही. तिने कुर्ता घातला आहे."

"मले आहे नं."

राहिलं. पहिल्या खेपेत तिथून जिवंत सुटलेलं माणूस आम्ही तरी पाहिलं नव्हतं. फरसाणवाले शेठ नऊदा मेले. सरांचा मेहुणा तेवीस वेळा मेला आणि जेवायला थांबला नाही. कोणीही खेळून उठलं की काका मला हळूच विचारायचे, "कितीदा मेला?" आकडा ऐकून गालातल्या गालात हसायचे.

*

गेमच्या सुरुवातीला काकांचं नाव मोठ्या अक्षरात टाकायचं सरांनी ठरवलं. काका एकदम घाबरले. नको म्हणाले, आणि कारण सांगेनात. मी त्यांना जिन्यात गाठलं, तेव्हा सांगितलं.

मुलगा प्रवीण शाळेत मास्तर आहे. सातवीत असताना वर्गातल्या पोरांनी त्याच्यासमोर टॉवेलचा पदर घेऊन कंबर हलवून दाखवली होती. तेव्हापासून मंडई आली की तो मामाकडे निघून जायचा. त्याला नोकरी लागली त्या वर्षी काकांनी आपणहून नाच सोडला. आमच्याकडे येतात ते, इथे चौकीदारी करतो असं घरी सांगून.

"त्याच्या शाळेतले पोट्टे हे गेम खेळतीन. नाव दिसलं तं मंग पुन्हा तेच," काका म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "माहा नाच त्यानं एकदाही नाही पाह्यला गा. एकदा पाह्याले पाह्यजे होता. मंग शिव्या देल्या असत्या तरी चाललं असतं."

फार वाईट वाटलं. नावाची जागा सरांनी कोरी ठेवली.

*

आणि मग तो शनिवार. शेवटचं रेकॉर्डिंग होतं. काका लुगडं नेसून, पट्ट्या बांधून उभे, आणि दारात हेल्मेट हातात घेतलेला एक माणूस. काका गुडघ्याच्या गोळ्या घरी विसरले होते, त्या घेऊन प्रवीण आला होता. खाली शेठना त्याने चौकीदार कुठे बसतात विचारलं, आणि शेठ सरळ मनाने म्हणाले होते, चौकीदार नाही बा, ते तर वर नाचतात.

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. मग लुगडं तसंच गोळा करून त्याच्या बाजूने बाहेर पडले आणि जिन्यात जाऊन बसले.

प्रवीणने गोळ्यांचं पाकीट टेबलावर ठेवलं. आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "या वयात काहून नाचवून राहिले यायले?"

भूषण सर गोंधळले की एकच गोष्ट करतात, पाहुण्याला गेमसमोर बसवतात. त्यांनी खुर्ची ओढली. प्रवीण म्हणाला, मी गेम खेळत नाही. सर म्हणाले, दोन मिनिटं बघा तरी, मग हवं ते बोला. तो हेल्मेट मांडीवर घेऊन बसला. रेणूने त्याला बटण दाखवलं.

चंपाने वाकून जमिनीला हात लावला. पहिलं पातं गेलं. ढोलकी सुरू झाली.

प्रवीणचं बोट पडलं. बाण सुटले, चंपा मधून गेली. फरशी सरकली, ती गिरकी घेऊन पलीकडे. चौथं, पाचवं, सहावं. बरोबर. रेणूने माझा हात धरला. सातवं आलं. ढोलकी वाजत होती आणि प्रवीणचं बोट थांबलं होतं. त्याचा हात बटणावरून उठला, खांद्यापर्यंत गेला, तिथे जरा थांबला आणि खाली येऊन बटणावर पडला.

सातवं पातं मागे पडलं. पुढची सगळी गवळण त्याने तशीच पार केली. चंपा किल्ल्याच्या बाहेर उन्हात येऊन उभी राहिली. प्रवीण पडद्याकडे बघत बसून होता.

मी गोळ्या आणि पाणी घेऊन जिन्यात गेलो. काका पायरीवर बसले होते, लुगड्याचा पदर हातात गुंडाळलेला. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं,

"खेळला का?"

"हो."

"कितीदा मेला?"

"एकदाही नाही, काका."