उणे वीस युरोंचा आहेर

भारतातून येणाऱ्या पर्यटकांना अ‍ॅमस्टरडॅम दाखवणं हा माझा व्यवसाय. कोरोना आला आणि पर्यटक संपले. साठवलेले पैसे आधीच संपले होते, त्यामुळे मी युट्रेख्टच्या खेमेंटेकडे, म्हणजे आपल्या महापालिकेकडे, भत्त्यासाठी अर्ज केला. भत्ता मिळाला, पण अट होती: कुणी रोख भेट दिली तर कळवायचं. लपवलं तर भत्ता बंद, वर दंड.

त्याच आठवड्यात गुढीपाडवा आला. हूफडॉर्पच्या काकू, गणपती मंडळातली आमची ओळख, मुलाच्या गाडीतून आल्या. दीड मीटर अंतर राखून त्यांनी पाकीट पायरीवर ठेवलं आणि मागे सरकल्या. आत एक्कावन्न युरो.

भत्त्याचं त्यांना सांगायची मला लाज वाटली. नको म्हणायची तर सोयच नव्हती. मी मुकाट्याने फॉर्म भरला. रक्कम एक्कावन्न, कारण: प्रथा.

पण घेतलेला आहेर फेडायला नको? तोही थोडा चढवून. बावन्न काही बरं दिसत नाही, म्हणून काकूंच्या वाढदिवसाला मी एकसष्ट दिले. त्या महिन्यात मी मसूर आमटी इतकी खाल्ली की मसूर बघितला तरी अंगावर काटा येई. गणपतीत काकूंनी एक्काहत्तर दिले. दिवाळीत मी एक्याऐंशी. मेले तरी मागे हटणार नव्हते.

यातलं सगळं मी इमानेइतबारे कळवत होते. दिवाळीनंतर माझं प्रकरण बघणाऱ्या अधिकाऱ्याचा फोन आला. गेला भत्ता, असंच वाटलं.

"तुम्हाला एकशे बावीस युरो मिळाले," तो म्हणाला, "आणि तुम्ही एकशे बेचाळीस दिलेत."

"हो."

"म्हणजे तुम्हाला यंदा उणे वीस युरोंची भेट मिळाली. आमच्या फॉर्ममध्ये उणे लिहायची सोय नाही."

मी माफी मागितली.

"आणि प्रत्येक रकमेत तो एक युरो जास्तीचा कशासाठी?"

"शून्यावर थांबू नये म्हणून."

पलीकडे बराच वेळ टायपिंगचा आवाज आला. मग तो म्हणाला, "एवढ्याशा भेटीने तुमचा भत्ता जात नाही. पण तुम्ही अशाच भेटी घेत राहिलात तर उपाशी मराल. त्या बाईंना खरं काय ते सांगून टाका की."

मला रागच आला. मग रडू आलं. दुसऱ्या दिवशी मी मास्क चढवून ट्रेनने हूफडॉर्पला गेले आणि काकूंच्या दारात, दीड मीटरवरून, एका दमात सगळं सांगून टाकलं.

"मला पाडव्यालाच ठाऊक होतं गं," काकू म्हणाल्या. "पर्यटक नाहीत तर ही खाते काय, एवढं कळतं मला. उगाच दिले होते का एक्कावन्न? पण तू बया दहा चढवून परत आणलेस! मग म्हटलं, बघू किती ताणतेय." त्यांनी आतून माझं दिवाळीचं पाकीट आणलं. फोडलंही नव्हतं. ते पायरीवर ठेवून त्या मागे सरकल्या. "ने आता गुपचूप. आणि भाजी आण काहीतरी, मसूर नको."

मसुराचं त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. माझ्या तोंडावर दिसत असावं.

घरी येऊन फॉर्म भरला. रक्कम एक्याऐंशी. कारणाच्या रकान्यात या वेळी 'प्रथा' लिहिलं नाही. 'मला गरज होती' असं लिहिलं.

दोन दिवसांनी त्या अधिकाऱ्याचा फोन आलाच. "आता परत किती देणार?" त्याने धसकून विचारलं.

"काहीच नाही," मी म्हणाले. एवढं म्हणायला मला पाडव्यापासून दिवाळीपर्यंतचा वेळ लागला होता.