कानशीला सरकीचं तेल

लोखंड घासायची नवी कानस आमच्या दुकानात येते ती कागदात गुंडाळलेली. कागद उलगडला की बोटांना जेमतेम कळेल इतकं तेल लागतं. गिऱ्हाईक अंगठा फिरवतं, तेल लागलं की तोंड वाकडं करतं आणि विचारतं, ताई, जुना माल आहे का? मग मला बोलावं लागतं. आणि मी बोलायला लागले की माझा नवरा हळूच चहा सांगायला बाहेर जातो. धुळ्यात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि लग्न झाल्यापासून मी तिथे बसते. ते तेल गंज चढू नये म्हणून असतं बाबा, असं मी सांगते. वापरायच्या आधी ते पुसून टाकायचं आणि दातांवर खडू घासायचा, म्हणजे लोखंडाचा कीस दातांत अडकत नाही. पटलं तर घ्या, नाही तर समोर दुसरं दुकान आहेच.

हे सगळं मला शिकवलं माझ्या वडिलांनी. आम्ही त्यांना आबा म्हणतो. शिरपूरला एका जिनिंगमध्ये ते फिटर होते. कापूस आत जायचा, रुई एकीकडे, सरकी दुसरीकडे, आणि मशीन अडलं की आबांना हाक. निवृत्त झाले तरी हात काही स्वस्थ बसेना. गल्लीतले विळे, खुरपी, सुताराच्या करवती, सगळं आमच्या ओट्यावर धारेला यायचं. आबा धार लावून द्यायचे आणि वर दोन शब्द ऐकवायचे, की पोरांनो, अवजार असं ठेवतात का?

त्यांची एक पत्र्याची पेटी होती. वरच्या कप्प्यात कानशी: चपटी, अर्धगोल, गोल आणि करवतीची तिकोनी. खालच्या कप्प्यात पाने, पकडी वगैरे. खालच्या कप्प्याला कोणीही हात लावावा, आबांचं काही म्हणणं नव्हतं. वरच्याला मात्र खबरदार. कानशीवर कानस ठेवायची नाही, प्रत्येकीला आपापली कापडी पिशवी. कामाच्या दिवसांत खडू. पावसाळा तोंडावर आला की खडू झाडून मशीनच्या तेलाचं बोट फिरवायचं आणि तेही कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. घरातलं खायचं तेल तर बिलकूल नाही. ते सुकतं, चिकटतं, दात बुजवतं. आबा म्हणायचे, खायच्या तेलाने कानस आंधळी होते. जिनिंगमध्ये एकाने त्यांच्या कानशीने ग्रीसचा डबा उघडला होता, तर त्या माणसाशी ते हंगामभर बोलले नाहीत.

दसऱ्यालासुद्धा हाच कायदा. पेटी पाटावर मांडायची, झेंडूची फुलं वाहायची, पण हळदकुंकू कानशीच्या लाकडी मुठीवर. ओलं बोट दाताला लागता कामा नये. माय दरवर्षी पुटपुटायची, की देवाला चालतं ते याच्या कानशीला चालत नाही. आणि तरीही कुंकू बरोबर मुठीवरच लावायची.

मग एका उन्हाळ्यात आबांना झटका आला. उजवं अंग गेलं. धुळ्याच्या दवाखान्यात होते तोवर मी दुकान आणि दवाखाना अशी पळत होते, आणि खरं सांगते, पळत होते म्हणून रडायला वेळ नव्हता. जीव वाचला. पायात थोडं बळ परत आलं, वाचाही आली, पण उजवा हात मांडीवर पडून राहिला. मूठ अर्धवट मिटलेली, ती उघडेनाही आणि आवळेनाही. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला रबराचा चेंडू दिला. आबांनी तो डाव्या हाताने अंगणात भिरकावला आणि म्हणाले, मी काय पोरगं शे का? शेजारच्या कुत्र्याने तो नेला. मी दुसरा आणला, तोही त्या कुत्र्यालाच मिळाला.

शिरपूरला घरी नेलं आणि खरी काळजी तिथे सुरू झाली. आबा काही मागेनात. भाकरी दिली तर खायची, नाही दिली तर नाही. ओट्यावर विळा घेऊन कोणी आलं की तोंड भिंतीकडे करायचे. डॉक्टर म्हणाले होते, हात चालता करायचा असेल तर मनातून हलवावा लागेल, औषध इथे अर्धंच काम करतं. आणि आबांचं मनच उठलं होतं. मी दर रविवारी एसटीने जायची, बडबड करायची, चिडायची, आणि परत येताना शिंदखेड्याच्या फाट्यापर्यंत डोळे पुसायची. हा माणूस असा खाटेवर बसून संपणार, एवढंच डोक्यात यायचं.

माय मात्र रोज संध्याकाळी वाटीत सरकीचं तेल कोमट करून त्यांचा हात चोळायची. आमच्या घरात तेल म्हणजे सरकीचं. जिनिंगच्या माणसाच्या घरात दुसरं कशाला येईल? भरीत त्यात, दिवा त्यात, केसांना तेच, दाराची बिजागरी कुरकुरली तर तिलाही तेच. मायचा त्या तेलावर देवाइतका भरवसा. तिळाचं चांगलं असतं म्हणून मी बाटली आणून दिली होती, ती तिने लोणच्यात संपवली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी मुक्कामाला गेले. पूजेची तयारी म्हणून पेटी खाली काढली. आबांनी झटका आल्यापासून पेटीचं नावही काढलं नव्हतं. वरच्या कप्प्यातली चपटी कानस पिशवीतून ओढली तर ती पिशवीलाच चिकटलेली. जोर लावून काढली. दातांवर पिवळा, चिवट थर, बाभळीच्या डिंकासारखा, आणि त्यात कापडाचे धागे रुतलेले. दुसरी काढली, तीही तशीच. तिकोनीचे बारीक दात तर दिसेचनात. वास घेतला. सरकी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच कानस हातात घेऊन स्वयंपाकघरात गेले. माय चुलीपुढे पाठमोरी बसली होती. माझी चाहूल लागली तशी वळली, हातातली कानस पाहिली आणि तिचा चेहरा एकदम उजळला. तिनेच सांगायला सुरुवात केली. पावसाळाभर रोज आबांचा हात चोळून झाला की वाटीत उरलेलं तेल ती कानशींना लावत होती. आबा झोपले की, गुपचूप, एकेकीला. दरवर्षी पावसाळ्याच्या आधी ते काहीतरी तेल लावतात, एवढं तिने पाहिलेलं. कोणतं आणि किती, हे तिला कोण सांगणार? त्या कप्प्याला हात लावायची सोयच कुठे होती?

मग ती म्हणाली, "हात चालू व्हई तवय कानशी तयार पाहिजेत ना वं."

मी म्हटलं, हो माय, आणि बाहेर येऊन ओट्यावर बसले. खालचा कप्पा पाहिला. पत्र्याच्या छपरातून गळलेलं पाणी पेटीत गेलं होतं आणि पाने गंजून तांबडे झाले होते. कानशींवर मात्र गंजाचा ठिपका नव्हता. गंजाने खाल्ल्या नाहीत, मायेने बुजवल्या. त्या वेळी मला याचं काही कौतुक वाटलं नाही. मला एकच भीती होती. उद्या आबा पेटी उघडणार, मायला सगळ्यांदेखत बोलणार, आणि तिचा पावसाळाभराचा जीव एका वाक्यात मातीत जाणार. किंवा त्याहून वाईट, काहीच बोलणार नाहीत, पेटी सरकवून देतील आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करतील. कानशी गेल्या म्हणजे हाताला परत यायला जागाच उरली नाही.

सकाळी मी पेटी लपवायचा प्रयत्न केला, हे सांगायला हरकत नाही. म्हटलं, या वर्षी नुसत्या एका पान्याची पूजा करू. आबा खाटेवरून म्हणाले, पेटी आण. मी आणली.

त्यांनी डाव्या हाताने चपटी कानस काढली. पिशवी चिकटली होती ती तोंडात धरून ओढली. अंगठा फिरवला. नाकाशी नेली. मग मायकडे बघितलं. ती हळदकुंकवाची वाटी घेऊन उभी होती, नवी नवरी असावी तशी, काय म्हणतात याची वाट बघत. मी देवाला म्हटलं, बाबा रे, आज याची जीभ आवर.

आबांनी तिच्या हातांकडे बघितलं. ते हात कोपरापासून खाली तेलाने मऊ पडले होते, आणि तेल कोणाच्या अंगाचं होतं ते त्यांना माहीतच होतं. मग कानस पाटावर ठेवली आणि नेहमीसारखं म्हणाले, कुंकू मुठीवर लाव. मायने मुठीवर लावलं. मी उठून मोरीत गेले आणि तोंडावर पाणी मारलं.

दुसऱ्या दिवशी मी निघायच्या तयारीत होते तेव्हा त्यांनी मला हाक मारली. पेटीत पितळेची पट्टी आहे, ती दे, म्हणाले. पूजेची पेटी सोडली तर कित्येक महिन्यांनी त्या माणसाने काही मागितलं होतं. कानशीचे दात साफ करायला फिटर लोक मऊ पितळेची पट्टी वापरतात, ती दातांच्या ओळींतून रेटत न्यायची, म्हणजे घाण निघते आणि दात दुखावत नाहीत. पण पट्टी धरायची उजव्या हाताने. आबांनी ती उजव्या मुठीत खुपसली, ती पडली. पुन्हा खुपसली, पुन्हा पडली. माय काही न विचारता आत गेली, जुन्या लुगड्याची चिंधी फाडून आणली आणि पट्टी त्यांच्या तळहाताला बांधली.

मी दुकानातून टर्पेंटाइन पाठवलं. ते चोपडायचं, थर नरम होऊ द्यायचा आणि ओळीमागून ओळ रेटायची. आरंभी आबांचा खांदा हलायचा, हात नुसता त्याच्यामागे ओढला जायचा. दर रविवारी मी गेले की ओट्यावर पिवळी सालं पडलेली असायची, खरवडलेल्या डिंकासारखी. हळूहळू मनगट हलायला लागलं. थंडीत एका रविवारी पाहते तो पट्टीला चिंधी नव्हती. त्यांनी ती बोटांनी धरली होती. मी पिशवी खाली ठेवली आणि भर ओट्यावर रडले. आबा म्हणाले, दाराशी रडू नको, लोकं विचारतील.

मायला त्यांनी कधीच सांगितलं नाही. ती विचारायची, काय घासता रोज? ते म्हणायचे, जुनी घाण शे. उन्हाळ्यात त्यांनी शेजारणीच्या खुरप्याला धार लावली. वाकडी लागली. शेजारीण म्हणाली फार छान, आणि आबांनी तिलाही दोन शब्द ऐकवले, तेव्हा मला खात्री पटली की हा माणूस परत आला.

पुढचा पावसाळा जवळ आला तशी मी तयारीने गेले. गंज रोखणाऱ्या फवाऱ्याचा डबा घेतला, कानशी गुंडाळायचा खास कागद घेतला. हार्डवेअरवाल्याची बायको मी, एवढं तरी नको का? घरी पोचले तर माय स्वयंपाकघरात होती आणि पेटी तिच्यापुढे उघडी. आता ती चोरून लावत नव्हती. आबा ओट्यावर. मी त्यांच्याशेजारी बसून हळू आवाजात म्हटलं, आबा, आता तरी तिला सांगा. दसऱ्यापासून घासून काढलंत, ती पुन्हा तेच करतेय. तुम्हाला सांगवत नसेल तर मी सांगते, नीट गोड बोलून सांगते.

आबांनी उजवा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. जड होता, पण त्यांनी उचलून ठेवलेला होता.

"बाई, ती लावस म्हणीसन मी काढस," ते म्हणाले. "ती थांबनी तं मी काय करू?"

मी फवाऱ्याचा डबा पुन्हा पिशवीत घातला. आतून मायची हाक आली, वाटीतलं तेल संपलं, डबा वर फळीवर आहे, तिचा हात पुरत नाही. मी उठले, फळीवरून सरकीच्या तेलाचा डबा काढला आणि तिच्या वाटीत तेल ओतलं.