आईसाठी पाहिलेली दुबई

मुंबईहून विमान सुटलं तेव्हा माझ्या मांडीवर एक कापडी पिशवी होती आणि तिच्यात कुळथाचं पीठ, आमसुलं, फणसपोळी आणि घरचे पोहे होते. माझ्या धाकट्या भावाला, सुधाकरला, लागणारं सगळं घेतलं होतं. फक्त आईची टेप नव्हती.

हे जरा सांगायला हवं. आईला ऐकायला कमी यायचं, फोनवर तर काहीच उमगत नसे. म्हणून गावाकडचं कोणी आखाताला निघालं की ती टेपरेकॉर्डर पुढे घेऊन बसायची आणि सुधासाठी कॅसेट भरायची. "जेवलास ना रे?" असं विचारून चक्क थांबायची, त्याच्या उत्तरासाठी. मी हसायचे. म्हणायचे, "अगं, टेप फुकट जातेय." तर मलाच दटावायची, "तो तिकडे बोलतो. तुला काय कळतंय!" सुधाही त्याच्या टेपेत तसाच थांबायचा.

ती आई दीड महिन्यापूर्वी गेली आणि सुधाला आम्ही कळवलं नव्हतं. वडील गेले तेव्हा निरोप त्याच्या कंपनीत फोनवरून गेला होता. हा पठ्ठ्या कुणाला काही न बोलता त्याच दिवशी कामावर चढला आणि परांचीवरून कोसळला. पाय मोडला तो कायमचा अधू झाला. म्हणून या वेळी घरात ठरलं, सांगायचं ते समोर बसून, हात धरून. आणि सांगणार कोण, तर मी. थोरली बहीण, त्यातून निवृत्त शिक्षिका. अवघड कामं आमच्या गळ्यात घालायची रीतच आहे.

ही १९९७ सालची गोष्ट. विमानतळावर सुधा कठड्याला टेकून उभा होता. इस्त्रीचा शर्ट, केस पार पिकलेले. वाकून नमस्कार केला आणि माझ्या हातातली पिशवी आधी घेतली. तो दुबईच्या जबल अली बंदरात एका गोदामात कामाला होता आणि तिथल्याच कॅम्पवर, सहा जणांच्या खोलीत राहायचा. तिथे बाईमाणसाची सोय कुठली? म्हणून माझा मुक्काम आमच्याच गावच्या हमीदाभाभीकडे, दुबईपासून तासाभरावरच्या उम्म अल कुवैनला. तिच्या नवऱ्याचं तिथे शिलाईचं दुकान आहे. एका बाजूला वाळू, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये सरळसोट रस्ता. एवढा मोठा समुद्र आणि काठाला एक माड नाही, याचं मला उगाचच वाईट वाटलं.

घरी पोचल्यावर सुधानं पिशवीतलं एकेक बाहेर काढलं. आमसुलांचा वास घेतला. मग हात तळापर्यंत घातला.

"खलास (संपलं)?" त्यानं हसत विचारलं.

"खलास," मी म्हटलं.

त्यानं पिशवीची नीट चौपदरी घडी घातली आणि बाजूला ठेवली. टेपेबद्दल विचारलं असतं तर सांगायला एक थाप मी तयार ठेवली होती. विचारलंच नाही. सुटले बाई, असं वाटलं मला.

हमीदाभाभीला सगळं माहीत होतं. स्वयंपाकघरात तिनं हळूच विचारलं, "बोललात का त्याला?"

"उद्या बोलते."

"इन्शाल्ला," ती म्हणाली आणि माशाचं कालवण ढवळायला लागली. तिची लेक बाहेरून ओरडली, "मम्मी, आय ॲम हंग्री!" आणि तो विषय तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. सुधानं रजा घेतली होती. खिशात ठिकाणांची यादी लिहिलेला कागद होता. आधी खाडीवर गेलो. तिथे आब्रा (सपाट लाकडी होडी) असतात, भाडं पन्नास फिल्स, म्हणजे आपले पाच रुपये, सुधानं सवयीनं सांगून टाकलं. "यल्ला, यल्ला (चला, चला)!" होडीवाला ओरडत होता. दोन्ही काठांवर इमारती, मशिदींचे मनोरे, गलबतांच्या रांगा. पाण्याला आमच्या खाडीसारखाच वास होता. होडीत बसल्या बसल्या सांगून टाकावं असं मनात आलं, पण माणसं इतकी चिकटून बसलेली की धीर झाला नाही.

पलीकडे जुना किल्ला आहे, त्यात संग्रहालय केलंय. आत जुन्या बाजाराचे देखावे मांडलेत, मेणाचे लोहार, सुतार, आणि मागून ध्वनिफितीवर त्यांचे आवाज. सुधा एका देखाव्यासमोर मान खाली घालून ऐकत राहिला. आवाज थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला तरी हलेना. शेवटी मीच म्हटलं, "अरे, चल की आता!"

जवळच जुन्या वाड्यांवर बर्जील (वारा खाली ओढणारे चौकोनी मनोरे) होते. "ताई, इथे खाली उभी राहा," त्यानं मला दंडाला धरून उभं केलं. बाहेर ऊन रणरणत होतं आणि डोक्यावर गार झुळूक. वीज नव्हती तेव्हा माणसं अशी राहिली म्हणे. मी डोळे मिटले आणि मनातल्या मनात वाक्य जुळवलं. उघडले तर सुधा पुढच्या दारात पोचलेला.

परतताना टॅक्सीवाला पेशावरचा होता. त्यानं सुधाला विचारलं, "भाई, घर में कौन-कौन है?"

"माँ है," सुधा म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

रात्री देवाला म्हटलं, उद्या मला वाचा दे.

शुक्रवारी जुमेराची मशीद बाहेरूनच पाहिली. फिकट दगडात अशी बारीक कोरलेली की बोट फिरवावंसं वाटावं. समुद्रात शिडाच्या आकाराचं एक हॉटेल उभं राहत होतं, तेही पाहिलं. सुधा परांच्यांकडे बघत होता, मी त्याच्या पायाकडे. ऊन उतरल्यावर खाडीकाठच्या बागेत गेलो. वाळवंटात एवढी हिरवळ! प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी पाण्याची नळी. यादीतलं हे शेवटचं ठिकाण होतं. आम्ही चपला काढून गवतावर बसलो. मी त्याचा हात धरला.

"सुधा, एक सांगायचंय."

"आई गेली ना?"

मी विचारलं, "भाभी बोलली?"

"नाही. तू आलीस आणि आईनं टेप दिली नाही, असं होईल का?"

"अरे, मग विचारलं का नाहीस?" माझा आवाज चढलाच. "दोन दिवस माझ्या जिवाचं काय झालं असेल!"

"विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. मला दोन दिवस हवे होते, ताई. ही यादी तिच्यासाठी केली होती. तिचा व्हिसा काढणार होतो मी."

त्यानंच पुढे विचारलं, "अग्नी कोणी दिला?"

"माझ्या लेकानं, प्रशांतनं."

त्यानं मान हलवली. मग तोंडावर रुमाल दाबून रडला. आजूबाजूला चटया अंथरून कुटुंबं बसली होती, पोरं चेंडू खेळत होती. मी हात सोडला नाही. तेराव्याला मला रडू आलं नव्हतं, ते इथे आलं. माळी आमच्याजवळ पाणी घालत होता, तो नळी घेऊन पलीकडच्या वाफ्याकडे गेला.

मी निघाले त्या दिवशी विमानतळावर त्यानं माझ्या हातात एक कॅसेट ठेवली. वर नुसतं 'आई' लिहिलेलं. "तिच्या खोलीत लाव," म्हणाला, "आवाज मोठा ठेव."

घरी सगळ्यांनी दुबईत काय पाहिलं ते विचारलं, मी खाडी सांगितली, किल्ला सांगितला, बाग सांगितली. पण सांगताना ती दुबई मलाच उसनी वाटली. ज्या डोळ्यांसाठी ती यादी होती ते माझे नव्हते. दुपारी सगळे पांगल्यावर आईच्या खोलीत गेले आणि आवाज मोठा करून टेप लावली.

"आई, ऐकू येतंय ना?" सुधानं विचारलं आणि थांबला.

टेप नुसती फिरत राहिली. याच थांबण्याला मी इतकी वर्षं हसत आले होते.

"हो रे," मी म्हटलं. "येतंय."

"बरं," सुधा म्हणाला, "मग ऐक. आधी होडीत बसायचं."