डॉक्टरांची भीती

अमरावतीत आमच्या डॉक्टरांना भीत नव्हता असा माणूस माझ्या पाहण्यात नाही. ते मूत्रविकारांचे शल्यचिकित्सक. गाव त्यांना 'लघवीचे डॉक्टर' म्हणे, तेही आजूबाजूला बघून. मी त्यांच्या ऑपरेशन थिएटरात आणि वॉर्डात सिस्टर होते, म्हणजे मला भिण्याचाच पगार मिळे. दिसेल त्या माणसाच्या पाण्याची काळजी त्यांना लागलेली. अकोल्याच्या एका लग्नात आशीर्वाद द्यायला म्हणून पुढे गेले आणि नवरदेवालाच दरडावलं, "सकाळपासून पाणी किती पेला? लघवी कोन्या रंगाची झाली?" बिचारा सासऱ्याकडे बघत राहिला. परतताना त्यांनी भर रस्त्यात वऱ्हाडाची बस थांबवायला लावली. बायका रोखून बसल्यात हे त्यांना चेहऱ्यांवरून कळलं होतं. "उतरा वं समद्या! लाजून कोनाचं मूत्रपिंड सुधारलं?" बायका लाजेनं अर्धमेल्या झाल्या, पण उतरल्या सगळ्या.

एकदा चांदूर बाजारची एक विशीतली बाई आली. घर फुलं विकणाऱ्यांचं. तीन दिवस अडलेल्या बाळंतपणात मूल गेलं आणि मूत्राशयाला भोक पडलं. तेव्हापासून दोन वर्षं लघवी सारखी गळत होती. सासरनं माहेरी धाडलेली. डॉक्टरांनी भोक दोनदा शिवलं, दोन्ही वेळा टाके सुटले.

तिसऱ्या खेपेला सकाळी ती टेबलावर येऊन निजली आणि डॉक्टर सापडेनात. मी शोधत गेले, तर कपड्यांच्या खोलीत चादरींच्या गठ्ठ्यावर बसलेले. 

"सिस्टर, मले भेव लागून राहिलं. याबारी सुटलं तं पुन्हा शिवाले काई उरनार नाई."

ज्यांना सगळं गाव भ्यायचं, तेच भ्यालेले! कसंबसं म्हटलं, "साहेब, तिलेबी भेव लागून राहिलं. तरी येऊन निजली ना ती."

ते उठले, कोपरापर्यंत हात धुतले. आत गेल्यावर हात हलला नाही. तीन तासांत ते एकदाही ओरडले नाहीत, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली.

पंधरा दिवस लघवीची रबरी नळी राहिली. रोज चारदा येऊन ते तिची चादर ओली आहे का चाचपून बघत. नळी काढली त्या दिवशी ती पलंगावरून उतरेचना.

"उठ वं! चाल!" ते गरजले, पण आवाज चिरकला.

भिंत धरून ती व्हरांड्यापर्यंत गेली, परत आली, मागे वळून फरशी पाहिली. कोरडी होती. मग कुणाला न विचारता ती माझ्या खुर्चीत बसली. तिची आई पदर तोंडाशी धरून म्हणाली, "दोन वर्सं झाली बाई, पोरगी कोनाच्या घरी टेकली नव्हती."

वॉर्डात खुर्ची तेवढी एकच. डॉक्टर दारातच उभे राहून बघत होते, कितीतरी वेळ. पाय नक्कीच दुखले असतील. पण शेजारच्या रिकाम्या कॉटवर तरी बसा, असं त्यांना म्हणण्याचं धाडस आम्हा कुणालाच झालं नाही. आता ते नाहीत. तेवढं एक म्हणायचं राहून गेलं.