आप्पांच्या हाताजोगी गाडी

आमच्या गोठ्यात गाडी तयार होतेय हे गावात कळल्यावर जो तो येऊन एकच विचारायचा, "ॲव्हरेज किती देणार?" मी मनात म्हणायचे, अहो, आधी ती सरळ तर चालू दे.

मी बेळगावात एका कास्टिंगच्या कारखान्यात ड्रॉइंग काढते आणि सुट्टीला निपाणीजवळच्या आमच्या गावी येते. म्हशी विकल्यापासून गोठा मोकळाच पडला होता. तिथं लोखंडी नळ्या जोडून मी दोन माणसांची, बिनटपाची स्पोर्ट्स कार उभी केली. इंजिन भंगारातल्या एका छोट्या गाडीचं. राहिली होती पुढची चाकं. चाक नुसतं बसवून भागत नाही. ते वरून आत किती कललेलं, दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांकडे किती वळलेली आणि चाक ज्या कण्यावर वळतं तो कणा मागं किती झुकलेला, हे सगळं जुळलं तरच गाडी शहाण्यासारखी वागते. कण्याचं झुकणं सायकलवाल्याला लगेच कळेल. पुढचा चिमटा तिरका असतो म्हणून तर हात सोडले तरी हँडल सरळ राहतं.

हा सगळा खटाटोप माझ्या वडिलांसाठी होता. आप्पांनी उभं आयुष्य निपाणीहून तंबाखूचे ट्रक नेले. अर्धांगाच्या झटक्यातून पाय सुधारले, पण उजवा हात कच्चा राहिला. गिअर टाकायला डावा हात सुटला की स्टिअरिंगवर एकटा उजवाच उरतो, आणि तेवढ्यात आमची घरची गाडी त्यांच्या ताब्यातून जायची. एकदा ती बांधावर चढली. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि पुन्हा गाडीचं नाव काढलं नाही. बिनगिअरची घेऊ म्हटलं तर म्हणाले, "त्यो पाळणा झाला. त्यात तुझ्या आईला बसीव." तेव्हा त्यांच्या उजव्या हाताला झेपेल अशी गाडी आपणच करायची, असं मी ठरवलं. तसं त्यांना सांगायची मात्र माझी छाती नव्हती.

दोरा आणि चाकाचा उभेपणा बघायला गवंड्याचा ओळंबा घेऊन मी कामाला लागले. ड्रायव्हरच्या जागी माणसाचं वजन हवं म्हणून आईचं जोंधळ्याचं पोतं ठेवलं. "माझं पोतं गाडीत बसणार, मग भाकऱ्या कशाच्या थापू?" आई ओरडली. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

गावामागच्या माळावर गाडी नेली तर ती डावीकडं ओढायला लागली. परत आणली, ओळंबा लावला, सगळं बरोबर. पुन्हा नेली, पुन्हा डावीकडं. माझं डोकं फिरलं. पाना फेकला, आईवर खेकसले. आपलंच वेल्डिंग चुकलं असणार, आता सगळं कापायचं, म्हणून ग्राइंडर काढला आणि वाटेत आलेली पाण्याची बादली रागानं लाथाडली.

पाणी डाव्या चाकापासून निघालं, गाडीखालून उजव्या चाकाला वळसा घालून थेट मोरीत गेलं. मी बघतच राहिले.

गोठ्याला उतार असतो. असायलाच हवा, नाहीतर मूत तुंबतं. आमच्या गोठ्याचा उतार आप्पांनी गवंड्याच्या मागं उभं राहून काढून घेतला होता. आणि लहानपणापासून तिथं शेण भरणारी मी तो साफ विसरून उजवीकडं कललेल्या गाडीची चाकं ओळंब्यात सरळ धरत होते. त्यामुळं सपाट माळावर गेल्यावर दोन्ही चाकं डावीकडं कलायची. आप्पांना सांगितलं तर ते खोकला येईस्तोवर हसले. "अगं, म्हशीला ईचारायचं हुतंस की!"

उजव्या चाकांखाली शहाबादी फरशीचे तुकडे घातले, गवंड्याकडची पाण्याची नळी आणून चारी चाकं एका पातळीत घेतली आणि सगळं पहिल्यापासून केलं. गाडी माळावर सुतासारखी सरळ गेली. मी खाली उतरले आणि म्हटलं, "आप्पा, बसा."

ते बसले. शेजारी मी. पहिल्या गिअरमध्ये गाडी हलली, आणि आप्पा वळवायला गेले तर उजव्या हाताला स्टिअरिंग हलेना. त्यांनी गाडी थांबवली. "लई जड हाय गं. ऱ्हाऊ दे, तूच चालीव." इतक्या सहज म्हणाले की मी उतरून पुन्हा पाना हातात घेतला.

पंचाईत अशी होती की कणा जितका मागं झुकवावा तितकी गाडी आपणहून सरळ राहते, पण स्टिअरिंग जड होतं. कमी झुकवला तर हलकं होतं आणि गाडी भरकटते. स्पोर्ट्स कारला भरपूर झुकवायचा असतो म्हणून मी तसाच ठेवला होता. आता कण्याचं वरचं टोक धरणाऱ्या आर्मच्या पुढचा एक वॉशर काढून मागं घातला, म्हणजे कणा थोडा उभा झाला. "बसा." जड. आणखी एक. "बसा परत." आप्पा वैतागले, "माझ्यापायी गाडी बिघडवू नगंस." मीही चिडले, "गाडी कुणापायी केलीय मग?" बोलून गेले खरं. ते उतरले मात्र नाहीत. मी आणखी एक वॉशर हलवला.

या खेपेला गाडी वळली. माळाच्या कडेनं वळून सरळ लागली आणि आप्पांनी क्लच दाबला. माझा हात हँडब्रेकवर गेला. त्यांचा डावा हात सुटला, दुसरा गिअर पडला. स्टिअरिंगवर तो कच्चा हात नुसता ठेवलेला, आणि गाडी होती तशी सरळ. मग तिसरा. मला रडूच आलं, आणि ते वाऱ्यानं आलं असं मी सांगूनही टाकलं.

त्यांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. माळाच्या कडेला आई पदर कपाळावर ओढून उभी होती. ट्रकच्या केबिनमध्ये ती कधी बसली नव्हती. ट्रकमालक बसू देत नसे. आप्पांनी गाडी बरोब्बर तिच्यासमोर उभी केली.

"उतर आता," ते मला म्हणाले. "तुझ्या आईला बसू दे हितं."