रशीदभाईचे कान अन् गोराभाऊच्या रेकॉर्डी

त्या विलायती गिटारवाल्याचे एकट्यानं काढलेले झाडून सारे अल्बम मले पाठ आहेत. सूर, ताल, सगळं! फक्त शब्द येत नाईत. अन् त्याचं नाव घेतो म्हटलं की जीभ अडकते. म्हणून आम्ही त्याले 'गोराभाऊ' म्हणतो. आम्ही म्हणजे तिघं: रेडिओ-टेप दुरुस्त करणारे रशीदभाई, धानवाला देवाजी अन् राइस मिलमध्ये जन्म काढलेला मी. आमच्या मूल गावच्या मिलीमागं कोंडा साचते, तसे रशीदभाईच्या दुकानात किस्से साचतात. फुंकून उडवले तरी डोळ्यातच जातात!

*

गोराभाऊ आमच्याकडं आला कसा? खाणीवरचा एक साहेब टेप दुरुस्तीले टाकून गेला अन् बदली होऊन गायब झाला. आत कॅसेट होती. रशीदभाईनं लावली, अन् त्या दिवशी जेवाले घरी गेलेच नाईत. पुढं त्याच्या बाकीच्या कॅसेटीही हुडकून आणल्या.

देवाजीनं विचारलं, "हा एकटाच काऊन वाजवते?"

"पहिले बँडमधी होता. मंग येगळा झाला," भाई म्हणाले.

देवाजी हळहळला. "वाटणी झाली असन! गिटार याच्या वाट्याले आली, तेवढं बरं झालं."

*

एकदा देवाजीनं साहेबाची तीच कॅसेट रानडुकरं हाकलाले धानाच्या बांधीत नेली. मोठा भोंगा लावला.

मी विचारलं, "मंग? पळाले का डुकरं?"

"कायचे पळतात! लग्नाच्या पंगतीत बँड लावल्यासारखे निवांत जेवून गेले!"

*

मग तो गंजाचा दिवस. रशीदभाईच्या घरी भाभीच्या हातून जर्मनचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, त्यायच्या पाठीमागं आदळला. मी उडालो. रशीदभाई रेडिओले डाग देत बसले होते, त्यायची मानही वळली नाई.

"काऊन भाई, घरच्या आवाजाची सवय झाली का?" म्हणून मी खदखदून हसलो. भाभी हसली नाई.

चंद्रपूरच्या डॉक्टरनं कान तपासले. म्हणाला, "उतरणीले लागले. मशीन लावू, पण जे मनापासून ऐकायचं असेल ते लवकर ऐकून घ्या."

तेव्हापासून दुकान उघडलं की रेडिओ लावून भाई एकच विचारत, "आवाज कालएवढाच हाय ना रे?"

रेडिओ कालएवढाच असे.

*

अशात भाईच्या नागपूरच्या पोरीचा फोन आला. गोराभाऊचे जुने अल्बम कंपनीनं नव्यानं रेकॉर्डवर काढले होते. तिनं मागवले अन् एसटीनं पाठवून दिले. भाई बसस्टँडवरून हलेनात.

मी छेडलं, "गोराभाऊ सोताच येऊन राह्यला का लाल गाडीनं?"

पार्सल आलं ते मे महिन्यात, गाडीच्या समोरच्या काचेजवळ उन्हात भाजत! उघडलं तं रेकॉर्डी तळलेल्या पापडासारख्या वाकलेल्या. भाईचा चेहरा त्याहून वाकडा.

देवाजी म्हणाला, "मिलीत चाल." दोन काचांमधी एक रेकॉर्ड ठेवली, वरतून तांदळाचे भरलेले पोते रचले. भाई तिथंच ठाण मांडून बसले.

"अंडे उबवून राह्यले का भाई?"

"चूप बस! तडकली तं दुसरी येईस्तोवर माह्ये कान थांबतीन का?"

मी चूप बसलो. मूलमधी कोणाचा विश्वास बसणार नाई, पण बसलो.

*

रेकॉर्ड बऱ्यापैकी सरळ झाली. दुकानात कूलर घरघरत होता. भाईनं जुन्या रेकॉर्ड प्लेअरची सुई टेकवली, डोळे मिटले अन् मान डोलवाले लागले.

मले काहीच ऐकू येईना!

जन्मभर मिलीच्या खडखडाटात राह्यलो, आता माह्येही कान गेले का काय? देवाजीकडं पाह्यलं. तो घामानं डबडबला होता, पण मान डोलवून राह्यला होता. म्हणजे त्याले ऐकू येते! मंग मीही डोलवली. मांडीवर ठेकाही धरला.

भाईनं डोळे उघडले. "कसं वाटते?"

"वा! काय बोटं फिरवते राजेहो!" देवाजी म्हणाला.

"कॅसेटपेक्षा लाखपट साफ!" मी म्हटलं.

भाईनं सुई उचलली. आमच्या दोघायकडं पाहत राह्यले.

"स्पीकरची वायर मी सकाळीच काढून ठेवली. मले ऐकू येणं बंद झालं, तं तुम्ही दोघं खरं सांगाल का, तेवढंच पाह्यचं होतं."